वेधशाळा मंडप डेकोरेशन

आमच्या साखरखेर्ड्यात लग्न ठरलं की मंडप सांगायला घरातला सगळ्यांत रिकामटेकडा माणूस पाठवतात. कामाचा माणूस पाठवला तर त्याचा अख्खा दिवस जातो. गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न निघालं आणि घरातून माझं नाव एकमतानं पुढे आलं.

दुकानाच्या पाटीवर नाव वेगळं आहे. पण गावात कुणालाही 'वेधशाळा मंडप डेकोरेशन' कुठे म्हणून विचारा, तो बोट दाखवील. मालकांना तोंडावर 'भाऊ' म्हणतात आणि पाठीमागे नुसतं 'वेधशाळा'. "वेधशाळा येऊन राह्यली, बाजूनं निघा," असं कुणी हळूच म्हणालं की बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीतली निम्मी माणसं चहा अर्धा टाकून उठतात. उरलेल्यांना ढग ऐकावे लागतात.

भाऊंची साठी उलटली आहे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, एका खिशात सुतळीचा गुंडा, दुसऱ्यात मोबाइल आणि मान कायम वर. मान वर ठेवून चालल्यामुळे गावातली एकही नाली अशी उरलेली नाही जिच्यात भाऊंचा पाय एकदा तरी गेलेला नाही. पाय बाहेर काढतानाही नजर वरच असते.

मी तारीख सांगितली, माणसं किती ते सांगितलं आणि भाव विचारला.

"कोणत्या रंगात?" भाऊ.

"लाल-पिवळी झालर चालेल."

"झालर नाही रे बापू. अलर्ट कोणत्या रंगाचा धरू?"

हवामान खात्याचे चार रंग आता सगळ्यांना पाठ आहेत. हिरवा म्हणजे खुशाल झोपा, पिवळा म्हणजे आभाळावर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हाला. खात्यानं हे रंग माणसांसाठी काढले, भाऊंनी ते दरपत्रकात घातले. पिवळ्या दिवशी मेखा दुप्पट आणि दोराचे पैसे वेगळे. नारिंगी दिवशी झुंबर बंद, कनाती फक्त मागच्या बाजूला, कारण बाजूच्या कनातीत वारा भरला की मंडपाचं जहाज होतं. लाल दिवशी मंडपच नाही, विसार परत.

"पण भाऊ, मेमधल्या तारखेचा रंग फेब्रुवारीत कसा कळंल?"

"म्हणून तर म्हंतो. विसार आज दे, रंग मागून भरू."

धंदेवाईक माणसानं स्वतःच्या धंद्याला असा खड्डा खणलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. गिऱ्हाईक म्हणतं, आमच्या दारी मंडप घाला. भाऊ म्हणतात, त्यापेक्षा शाळेचा हॉल बरा. हॉलचं भाडं त्यांना मिळत नाही, मंडपाचं बुडतं. वहिनी दुकानाच्या मागच्या दारातून हे ऐकत असतात आणि भांडी जरा जोरात ठेवतात.

भाऊंच्या मोबाइलमध्ये घरातल्या माणसांचे फोटो नाहीत. हवामान खात्याचं 'मौसम' आहे, शेतीसाठीचं 'मेघदूत' आहे, आपत्तीवाल्यांचं 'सचेत' आहे आणि सगळ्यांत लाडकं 'दामिनी', पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं काढलेलं. आपल्या भोवती वीस-चाळीस किलोमीटरात वीज पडतेय का, ते 'दामिनी' सांगतं. आषाढात हे चारही एकदम बोलू लागले की भाऊंच्या खिशात भजनी मंडळ बसल्यासारखं वाटतं. 2023 मध्ये सरकारनं मोबाइलवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा टपरीवरचे सगळे फोन एकदम किंचाळले. एकानं घाबरून फोन चहाच्या बादलीत टाकला. भाऊंचे डोळे तेवढे भरून आले होते. आयुष्यभर एकट्यानं ओरडणाऱ्या माणसाला अचानक सगळं गाव साथीला मिळालं, म्हणजे दुसरं काय होणार?

एकदा गावातली मंडळी आळंदीला गेली, भाऊ सोबत होते. परतीच्या वाटेवर पुण्यात त्यांनी गाडी थांबवायला लावली ती सिमला ऑफिसपाशी. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीचं आणि चौकाचं नाव सिमला ऑफिस. भाऊंनी फाटकाबाहेर चप्पल काढून नमस्कार केला. रखवालदारानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" भाऊ म्हणाले, "झाली भेट."

आता अशा माणसाला कुणी पावसाचं विचारू नये. पण गाव शेतकऱ्यांचं. सोयाबीन पेरायची आहे, तूर आहे, कुणाच्या शेडनेटमध्ये बियाण्याचा प्लॉट उभा आहे आणि त्यात कर्ज. न विचारून भागत नाही.

"भाऊ, पाणी येते का उद्या?"

"तुरळक ठिकाणी."

इथे भांडण सुरू होतं. हे 'तुरळक ठिकाण' नेमकं कुठे आलं, हा आमच्याकडचा जुना प्रश्न आहे. काहींचं म्हणणं ते शेंदुर्जनच्या पुढे आहे, कारण पाऊस नेहमी तिकडेच पडतो. भाऊ मग समजावतात. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजायच्या शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. त्याच्या वर गेलं की सगळीकडेच धरा. हिशेब चोख आहे. पण विचारणाऱ्याचं वावर एक, तेही पावणेतीन एकर. त्याला शंभरातले पंचवीस नकोत, त्याला स्वतःचं एक हवं. तो डोकं खाजवत विचारतो, "मंग मी त्या पंचवीसमधी हाये का पंचाहत्तरमधी?"

भाऊ सांगतात की इशारा जिल्ह्याला असतो, जिल्ह्याचे तालुके तेरा आणि मेमधला एखादा ढग असतो पाच-सात किलोमीटरचा. तो मलकापूर पांग्र्यावर रिकामा झाला तर आपल्याकडे धूळसुद्धा बसत नाही. जिल्ह्याला दिलेला पिवळा तरीही खराच ठरतो. हे सगळं बरोबर असतं. पण ऐकणारा माणूस उठतो तो, आला होता त्याहून जास्त कोरडा होऊन.

खरी गर्दी होते पाऊस पडून गेल्यावर. भाऊंनी दुकानाच्या गच्चीवर स्वतःचं पर्जन्यमापक ठेवलं आहे, सरळ बुडाच्या डब्याचं, आत पट्टी उभी. महसूल मंडळाचं सरकारी माप वेगळीकडे घेतलं जातं आणि चालतं तेच. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, त्याखाली नुसता पाऊस. ढगानं पासष्टला थांबावं की सहासष्टला, यावर पंचनाम्याची वाट ठरते. रात्रभर कोसळल्यावर सकाळी चिखल तुडवत माणसं भाऊंच्या दारात उभी राहतात. पीक आडवं झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी विचारतात, "भाऊ, भरले का पासष्ट?"

"त्रेसष्ट."

"बरोबर पाहा ना. वाकून पाहा."

भाऊ वाकतात. पट्टी पुसतात. चष्मा काढून बघतात, लावून बघतात. एरवी ढगाच्या उंचीबद्दल शंभर मीटरसुद्धा न सोडणारा हा माणूस अशा वेळी दोन मिलिमीटरपुढे फार अडखळतो. एकदा ते म्हणाले, "डब्याला बारीक भोक हाये बहुतेक." डब्याला भोक नव्हतं, आणि तो डबा सरकारदरबारी जाणारही नव्हता. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळ्यांना जरा बरं वाटलं.

ढग कसा होतो ते भाऊंकडून ऐकायचं तर त्यांच्या गोदामात ऐकावं. गाद्या, लोड, गालिचे आणि कनातींच्या थप्प्यांमध्ये बसून ते आकाश उलगडतात. लोड रचल्यासारखे पांढरे सुटे गोळे म्हणजे कापशी ढग. बांबूवर सैल ताणलेलं मळकं छत म्हणजे थरांचा ढग, रिपरिप करील पण मंडप उडवणार नाही. झालरीचे सुटलेले धागे वाऱ्यावर जावेत तसे अगदी उंचावर दिसतात ते बर्फाच्या कणांचे, त्यांच्यातून आपल्यापर्यंत काही पोचत नाही. ही नावं त्यांनी उगाच ठेवलेली नाहीत. 1802 मध्ये लंडनच्या ल्यूक हॉवर्डनं ढगांना लॅटिन नावं दिली, त्यांवरच आजही जगाचं चालतं, आणि तो हॉवर्ड पेशानं औषधांचा कारखानदार. भाऊंना हा माणूस फार आवडतो. "गोळ्या-औषधं इकणाऱ्यानं ढगाईले नावं देल्ली, तं मंडपवाल्यानं काहून नाही देवाव?"

मुळाशी मात्र ते नीट जातात. लग्नाच्या गाडीचा टायर समोर घेतात, व्हॉल्व्ह दाबतात आणि सुसाट सुटणाऱ्या हवेपुढे तुमचं बोट धरतात. गार लागतं. हवा मोकळी झाली, पसरली की गार होते. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर निघते, वर दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी गार होत जाते. एका उंचीवर तिला आतली वाफ सांभाळत नाही. मग धुळीच्या, धुराच्या, मिठाच्या कणाला धरून वाफेचे थेंब होतात, तो ढग. ती उंची काढायचं गणित भाऊंना तोंडपाठ आहे. तापमानातून दवबिंदू वजा करा, सव्वाशेनं गुणा, आले मीटर. एप्रिलात तापमान एकेचाळीस आणि दवबिंदू तेरा, म्हणजे ढगाचं बूड साडेतीन हजार मीटरवर. जुलैत सत्तावीस आणि तेवीस, म्हणजे पाचशे मीटर, पार डोक्यावर. टपरीवर कुणी "आज आभाळ लय खाली आलं" म्हणालं की भाऊ विचारतात, "किती खाली?" आणि माणूस फसतो.

वजनाचंही त्यांना वेड आहे. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच साधा कापशी ढग घ्या, त्यात पाणी भरतं पाचशे टनांच्या आसपास. "पन्नास ट्रक सोयाबीन उभी हाये वर, लेका, आन् तू खाली बिडी वढतं." मग पडत का नाही? थेंब इतके बारीक की खालून येणारी हवाच त्यांना पेलते. असे दहाएक लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. हे ऐकून आमच्याकडचा एक जण म्हणाला होता की पतसंस्थेचंही असंच असतं, सभासद लाखभर आणि कर्ज मिळतं एकाला. भाऊंना ढगात राजकारण आणलेलं खपत नाही. ते त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

गारेचं त्यांनी मला संक्रांतीच्या हलव्यावरून सांगितलं. परातीत तीळ हलवत त्यावर थोडा थोडा पाक सोडत गेलं की थरावर थर चढतात. गार तशीच. थेंब उचलला जातो, वर गोठतो, शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी त्याला चिकटत जातं, आणि वर चढणाऱ्या हवेला झेपेनासा झाला की खाली येतो. हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. 11 फेब्रुवारी 2018 च्या गारपिटीनं बुलढाणा-जालन्याकडचा हरभरा, गहू, द्राक्षं झोडपली होती. त्या दिवसांत भाऊंनी गोदामातल्या सगळ्या ताडपत्र्या वावरांत पाठवल्या, भाडं न घेता. मग महिनाभर सायकलवर फिरून एक एक ताडपत्री मोजून परत आणली. चार कमी भरल्या. त्या कुणाकडे आहेत ते त्यांना माहीत आहे आणि त्या घरी ते आजही पाणी पीत नाहीत.

स्पर्धाही कमी नाही. घाटाखाली भेंडवळची घटमांडणी आहे, तीनशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगणारी. अक्षय्य तृतीयेला शेतात धान्यांचं रिंगण घालतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, पुरी, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं, ते बघून वाघ घराण्यातले महाराज वर्षाचं भाकीत सांगतात आणि ते ऐकायला शेतकरी लांबून येतात. पंचांगातली वाहनं आहेत, यंदा मृगाला गाढव का म्हैस. पोरांच्या मोबाइलवर परभणीकडचे पंजाबराव डख आहेत. भाऊ कुणाला नावं ठेवत नाहीत. "ते चार महिन्यांचं सांगते. मले चार तासांचं पायजे. मंडप चार तासांत उडते."

गावाच्या इतिहासावर मात्र त्यांचा मंडपापायीच राग आहे. ऑक्टोबर 1724 मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजामाच्या दख्खनच्या राज्याचा पाया इथे घातला गेला, त्यानं गावाला फतेहखेर्डा नाव दिलं आणि लोकांनी ते वापरलं नाही. कुणी पाहुणा हे कौतुकानं सांगू लागला की भाऊ मध्येच विचारतात, "एवढे तंबू लागले असतीन. मेखा कायच्या होत्या? वारा कुठला होता? कोणी लिवून ठेवलं?" पाहुण्याला उत्तर देता येत नाही. मग भाऊ म्हणतात, "मंग काय इतिहास!"

मेखांचा हा विषय मी बरीच वर्षं थट्टेवारी नेत होतो. पुतणीच्या मंडपासाठी दुकानात चार खेपा झाल्या तेव्हा वहिनींनी चहा देता देता त्याचं मूळ सांगितलं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊंच्या हातात धंदा नवा आलेला. एप्रिलातलं लग्न, चाळीस बाय साठचा मंडप, नवी कोरी लाल झालर. दुपारी चारला लव्हाळ्याच्या अंगाला आभाळ काळवंडलं, दोनदा गडगडलं. थेंब एकसुद्धा पडला नाही. आणि मग वारा असा आला की अख्खा मंडप वरमाईच्या डोक्यावरून उठला आणि शेजारच्या वावरातल्या बाभळीवर जाऊन बसला. माणसाला कुणाला लागलं नाही, बुंदीचं टोपलं तेवढं उपडं झालं. वधूपित्यानं आकाशाकडे पाहिलं, कोरड्या जमिनीकडे पाहिलं आणि निकाल दिला, "पाऊस नाही, पाणी नाही, तरी मंडप उडाला. मेखा कच्च्या ठोकल्या." बिल अर्धं कापलं गेलं. बाभळीवर झालरीची एक चिंधी पुढे कितीतरी वर्षं फडफडत राहिली आणि लोक त्या वावराला झालरीचं वावर म्हणू लागले.

भाऊंनी स्वतःच्या हातानं घण मारून मेखा ठोकल्या होत्या. त्या कच्च्या नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं. पण पाऊस नसताना वादळ कुठून आलं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. ते पुढे कित्येक वर्षांनी एका कृषी मेळाव्यात कळलं. भाऊ तिथे मंडप घालायला गेले होते. व्यासपीठावरचे शास्त्रज्ञ बोलता बोलता म्हणाले की उन्हाळ्यात ढगाचं बूड फार उंच असतं, पाऊस पडतो पण खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाफ होऊन जातो, त्या वाफेपायी हवा एकदम गार आणि जड होते, दगडासारखी खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पळते. म्हणून थेंब पडत नाही आणि पत्रे उडतात. मागे बांबू धरून उभे असलेले भाऊ ओरडले, "साहेब, पुन्यांदा सांगा!" साहेबांनी पुन्हा सांगितलं. भाऊंनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि मग कागद पुढे केला, "हे लिवून द्या आन् सही करा." सही मिळाली नाही. वधूपिताही तोवर वारले होते.

वहिनी म्हणाल्या, "तवापासून हे असे हायेत."

लग्नाचा दिवस उजाडला. सकाळीच भाऊंचा फोन. पिवळा. तुरळक ठिकाणी मेघगर्जना, वारा ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर. मेखा दुप्पट झाल्या, दोराचे पैसे वाढले. दुपारी दीडला भाऊ मला ओढत शाळेच्या मैदानाच्या कडेला घेऊन गेले. लोणारच्या बाजूला एक ढग उभा राहत होता. सकाळी लोडाएवढा होता तो. आता फुलकोबीसारखा वर वर फुगत चालला होता, कडा चुन्यात बुडवल्यासारख्या लख्ख. "बारा-तेरा किलोमीटर जाते हा. एव्हरेस्ट याच्या कमरंले लागते. वर जागा सरली का पसरते, लोहाराच्या ऐरणीवाणी. पाहा, पाहा, सपाट व्हाले लागला!" भाऊ इतके हरखले होते की त्यांनी माझा दंड दाबून धरला. शेजारी एक पाहुणे उभे होते. त्यांच्या कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट त्या ढगाच्या बरोबर खाली होता. त्यांनी भाऊंकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर शेतकरी सहसा डुकरासाठी राखून ठेवतो.

लग्न लागलं होतं. पंगत बसायची होती. दादा, म्हणजे मुलीचा बाप, घामाघूम होऊन आला. "भाऊ, बूड, शेंडा, ऐरण काही सांगू नका. येते का नाही येत, एका शब्दात सांगा."

भाऊंनी मान खाली घेतली. त्यांची मान खाली आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"येते," ते म्हणाले.

मग धावपळ झाली. पंगत उचलून शाळेच्या वर्गांत नेली, पत्रावळ्या बाकांच्या मधल्या जागेत मांडल्या, बट्टीची घमेली, वरणाची पातेली, वांग्याची भाजी आत आली. भाऊंनी मैदानावरची वीज तोडली, कनाती सोडवल्या, शेवटचं पोर मंडपाखालून हाकललं आणि व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहिले. चारशे माणसं आणि मैदानावर रिकामा मंडप. वीज चमकली. भाऊ मोठ्यानं मोजू लागले, एक, दोन, तीन. गडगडाट ऐकू येईपर्यंत जेवढे सेकंद, त्याचा तिसरा हिस्सा किलोमीटर. "पंधरा. पाच किलोमीटर." पुन्हा चमकली. "बारा. चार!" वर्गांतून वाढप्यांचे हात थांबले. सगळ्यांनी खिडक्यांतून पाहिलं.

मग अठरा आले.

म्हणजे ढग निघून चालला होता. कुणीतरी खाकरलं. वरपक्षाकडचे एक काका म्हणाले, "उगाच हलवलं. उन्हं पडली पाहा." खरंच पडली होती. पुढची वीज चमकली आणि भाऊ मोजू लागले, पण यावेळी प्रत्येक आकड्याच्या मधे जरा जास्त थांबून. सहा. सात. आठला त्यांनी घसा साफ केला. नवाला उपरणं सारखं केलं. त्यांचा दहा वर्षांचा नातू, ज्याला त्यांनीच हे शिकवलं होतं, शेजारी मोबाइलवरचं घड्याळ लावून उभा होता. गडगडलं. भाऊ म्हणाले, "बारा." नातू खणखणीत ओरडला, "एकवीस, आबा! एकवीस झाले!"

सगळी शाळा हसली. भाऊंनी नातवाकडे पाहिलं नाही. ते मैदानाकडे पाहत राहिले. पंगत पुन्हा सुरू झाली, वाढप्यांनी वरण फिरवलं, आणि तेवढ्यात व्हरांड्यातली हवा गार झाली. मातीचा वास नाही, पाण्याचा वास नाही, नुसती गार. मैदानाच्या पलीकडच्या कडेला धुळीची भिंत उभी राहिली आणि पुढच्या क्षणाला सगळा मंडप एखाद्या बाईनं पदर झटकावा तसा वर उठला. दुप्पट मेखा एकामागून एक सुटल्या. छत, झालर, दोर, बांबू सगळं आमच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेलं आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीला लपेटून बसलं.

वहिनींनी कपाळावर हात मारला. त्यात त्यांच्या मोसमाची निम्मी कमाई होती. भाऊ मात्र मैदानात धावले. धुळीत मधोमध उभे राहून त्यांनी दोन्ही तळवे वर धरले, मग ते तळवे आम्हाला दाखवत खिडकी-खिडकीशी नाचल्यासारखे फिरू लागले. डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ आणि चेहऱ्यावर वीस-बावीस वर्षांची दिवाळी. "कोरडे हायेत! पाहा, कोरडे हायेत! एक थेंब दाखवा! मले एक थेंब दाखवा!"

कोपऱ्यातल्या बाकाशी एक म्हातारे आजोबा बसले होते. त्यांनी सावकाश बट्टी कुस्करली, तिच्यात आळं केलं, वरणाची वाट पाहिली आणि खिडकीतून टाकीकडे एकदा बघून शेजाऱ्याला सांगितलं, "मेखा कच्च्या ठोकल्या."